आजोबांचा टाटा-मर्सिडीज आणि जर्मन डाय कास्ट मॉडेल: घेण्याआधी काय मोजावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लातूरला आजोबांचा साठच्या दशकातला टाटा-मर्सिडीज ट्रक होता, त्याचा एक कृष्णधवल फोटो घरात आहे. आता ऑनलाइन तशाच नाकाच्या जर्मन मर्सिडीज ट्रकचं १:४३ प्रमाणातलं डाय कास्ट मॉडेल विकायला आलंय. दारं उघडतात, बोनेट उघडतं, आत इंजिनही दिसतं. विकणारा शंभर टक्के अचूक असल्याची खात्री देतोय आणि किंमत काही हजारांत सांगतोय. मॉडेल खरंच तेवढं अचूक असतं का, आणि ते घेऊन त्याचा आजोबांचा ट्रक करता येईल का, हे तुम्हाला हवंय.

मी वाळूजला डाय कास्टिंगच्या टूलरूममध्ये बरीच वर्षं काढली. आमच्या डाय, म्हणजे धातू ओतायचे पोलादी साचे, दुचाकीच्या भागांच्या असायच्या, मॉडेलच्या नाही. पण वितळलेला धातू साच्यात कुठे शिरतो आणि कुठे हट्टाला पेटतो, हे दोन्हीकडे एकच. मॉडेलं जमवणं, खोलणं आणि पुन्हा रंगवणं हा नाद तेव्हापासूनचा. तेव्हा उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

विकणाऱ्याने तुम्हाला जे सांगितलंय ते सगळं बारकाव्यांबद्दल आहे. अचूकपणाबद्दल त्याने काहीच सांगितलेलं नाही. वायपर आहेत, आरसे आहेत, डिझेल टाकीचं झाकण वेगळं बसवलंय, हे सगळे बारकावे. चाकं ट्रकच्या मानाने बरोबर मोठी आहेत का, पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर बरोबर आहे का, केबिन बोनेटच्या मानाने उंच झालीय का, हा अचूकपणा. बारकावे फोटोत पटकन दिसतात म्हणून विकले जातात. प्रमाण चुकलेलं मात्र बहुतेकांना बोट ठेवून दाखवता येत नाही, फक्त बघताना काहीतरी खटकत राहतं. ज्याने तो ट्रक वीस वर्षं चालवला त्याला ते पहिल्या नजरेत खटकतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी प्रमाण, मग बारकावे, आणि दारं-बोनेट उघडणं सगळ्यात शेवटी.

प्रमाण तपासायला व्हर्नियर कॅलिपर पुरतो, आणि मॉडेल हातात नसेल तर एक बाजूने काढलेला फोटो. सुरुवात टायरपासून करा. टायरचं माप त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं आणि ते ठरावीक असतं. आपल्याकडे पुढे सर्रास दिसणाऱ्या ९.००-२० टायरचा बाहेरचा व्यास साधारण १०२० मिलिमीटर भरतो. त्याआधीचा ८.२५-२० त्याहून लहान, ९७५ च्या आसपास. आजोबांच्या ट्रकला कुठला होता ते घरात कुणाला आठवत असेल तर विचारून ठेवा. दुसरं माप चाकांच्या अंतराचं. टाटांच्या मॉडेलच्या नावात तिरक्या रेघेनंतर जो ४२ हा आकडा यायचा तो हेच अंतर सांगायचा, म्हणजे साधारण ४२०० मिलिमीटर.

आता गणित सोपं आहे. १:४३ मध्ये १०२० चा टायर २३.७ मिलिमीटर व्हायला हवा आणि चाकांतलं अंतर ९७.७. तोच ट्रक १:५० मध्ये केला तर टायर २०.४ आणि अंतर ८४. मॉडेलचं अंतर ९८ भरलं आणि टायर मात्र २०.५ भरला, तर समजा की चाकं दुसऱ्या मॉडेलची उचलून लावली आहेत. हे प्रकार फार होतात. चाकांची डाय वेगळी, टायरचा साचा वेगळा, आणि एकच चाक पाच मॉडेलांना चालवलं की खर्च वाचतो. असा ट्रक उभा केला की कायम रिकामा आणि उंच पायांचा दिसतो.

प्रमाणाच्या आकड्यावर विश्वास नसेल तरीही चाचणी करता येते. चाकांतलं अंतर भागिले टायरचा व्यास. खऱ्या ट्रकचं ४२०० ला १०२० ने भागलं की ४.१ येतं, आणि ८.२५-२० टायर असतील तर ४.३. हे गुणोत्तर कुठल्याही प्रमाणात तेच राहतं. तुमच्या घरच्या फोटोवर पट्टी ठेवून मोजा, विकणाऱ्याच्या फोटोवर मोजा, दोन्ही जुळवून बघा. फक्त फोटो बरोबर बाजूने आणि लांबून काढलेला हवा. मोबाईल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत पुढचं नाक फुगतं आणि मागचं चाक आकसतं. विकणाऱ्याला चार-पाच फुटांवरून झूम करून एक फोटो काढायला सांगा. नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच.

मागच्या चाकांकडेही नीट बघा. खऱ्या ट्रकला मागे जोडटायर असतात आणि दोन टायरांमध्ये फट असते. स्वस्त मॉडेलमध्ये एकच रुंद टायर घालून मधे खाच मारलेली असते. शिवाय जोडटायरची रिम बाहेरून बघितली तर आत खोल गेलेली दिसते आणि पुढच्या चाकाची रिम बाहेर आलेली. चारही चाकांना एकसारखी रिम असेल तर बाकी कितीही बारकावे असू देत, तो ट्रक मनाला पटत नाही. माझ्या लेखी आरशांपेक्षा याचं मोल जास्त.

जाता जाता १:४३ बद्दल. हा विचित्र आकडा ट्रकवाल्यांनी काढलेला नाही. ब्रिटनमधल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या ओ गेजमध्ये एका फुटाला सात मिलिमीटर धरायचे, त्यातून ४३ आणि वर काहीतरी असं प्रमाण निघालं आणि त्या रेल्वेशेजारी ठेवायच्या गाड्या त्याच मापाच्या झाल्या. ट्रक आणि क्रेन, पोकलेन यांची मॉडेलं करणाऱ्या युरोपी कंपन्या मात्र बहुतेक १:५० वर काम करतात. दोन्ही चांगली. फक्त एका कपाटात शेजारी ठेवू नका.

आता उघडणाऱ्या दारांकडे येऊ. तुम्हाला ती जमेची बाजू वाटतेय, मला ती उधारीची वाटते. कारण साच्यात आहे. या मॉडेलांचा धातू झामॅक, म्हणजे जस्त आणि त्यात सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनियम, शिवाय थोडं मॅग्नेशियम आणि प्रकारानुसार तांबं. तो चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळलेला असतो आणि दाबाने डायमध्ये शिरतो. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा तो कितीतरी पातळ भिंतीत वाहतो, तरी मॉडेलच्या भिंती साधारण एक मिलिमीटर जाडीच्या ठेवाव्या लागतात. कमी केली तर धातू वाटेतच गोठतो आणि दाराचा कोपरा अर्धवट राहतो. एक मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण ४३ ने गुणा. खऱ्या ट्रकवर ते ४३ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंच जाड पत्रा झाला. दार बंद असताना हे लपतं. दार उघडलं की तिजोरीचं दार उघडल्यासारखं दिसतं.

फटीचंही तेच. खऱ्या दाराच्या कडेची फट चार-पाच मिलिमीटरची, म्हणजे मॉडेलवर ती ०.१ मिलिमीटर हवी. आता रंग धरा. रंगाचा थर पातळ म्हटला तरी ३० मायक्रॉन. दोन्ही कडांना लागला की ०.०६ मिलिमीटर रंगानेच खाल्ले. उरलेल्या फटीत दार हलणार कसं? म्हणून दार उघडायचं असेल तर फट तिप्पट ठेवतात आणि मॉडेलवर दाराभोवती काळी रेघ उमटते. दार बंदच असेल तर डाय बनवणारा ती रेघ हवी तेवढी बारीक कोरू शकतो, रंग तिच्यात थोडा भरेल हे धरून किंचित खोल. एकाच कंपनीची उघड्या आणि बंद दारांची दोन मॉडेलं शेजारी ठेवून बघा, केबिनची बाह्यरेषा बंद दाराच्या मॉडेलमध्ये जवळपास नेहमी सरस असते.

आणखी एक गोष्ट मॉडेल हातात घेतल्यावर दिसेल. डायमधून भाग सुटून यावा म्हणून सरळ भिंतीला अर्धा-एक अंश उतार द्यावा लागतो, त्याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो. चांगला डिझायनर हा उतार आतल्या बाजूला लपवतो, आळशी डिझायनरच्या ट्रकची केबिन वर निमुळती होते. डायचे दोन अर्धे जिथे मिळतात ती पार्टिंग लाइन बोनेटच्या मधोमध आली की काम स्वस्तातलं, मडगार्डच्या कडेने किंवा दाराच्या रेघेतून फिरवली असेल तर कुणीतरी डोकं लावलंय. कडेला फ्लॅश, म्हणजे सांध्यातून बाहेर आलेल्या धातूचा पातळ पापुद्रा, दिसला तर डाय थकलेली आहे, तो भाग तिच्यातून शेवटी शेवटी ओतलेला असणार. हे सगळं विकणाऱ्याच्या वर्णनात कधी नसतं.

आरसे आणि वायपर धातूचे नाहीत म्हणून नाराज होऊ नका. आरशाची दांडी खऱ्या ट्रकवर १२ मिलिमीटरची असेल तर मॉडेलवर पाव मिलिमीटरच्या वर जरा. जस्तात तेवढी बारीक दांडी ओतता येत नाही, प्लॅस्टिकमध्येही ती अर्ध्या मिलिमीटरच्या खाली फारशी जात नाही. वायपर आणि पुढची जाळी यांच्यासाठी पितळेचा पातळ पत्रा अ‍ॅसिडने कोरून घेतात, तो या मापात शोभतो. म्हणजे वजनदार, सगळं धातूचं मॉडेल अधिक अचूक, हा समज सोडून द्या. धातू जिथे हवा तिथे, बाकी प्लॅस्टिक आणि पितळ, असं मिश्र मॉडेल सहसा चांगलं निघतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी. समजा हे मॉडेल सगळ्या चाचण्यांत उतरलं. तरी ते अचूक असेल ते जर्मनीतल्या रस्त्यावरच्या ट्रकला. तुमच्या आजोबांच्या ट्रकला नाही.

टेल्को (टाटांची ट्रक बनवणारी कंपनी) आणि मर्सिडीज बनवणारी डाइमलर-बेन्झ यांचा करार १९५४ चा. त्यातून जमशेदपूरला एल-३१२ जातीचे ट्रक बनू लागले आणि १९६९ मध्ये करार संपेपर्यंत नाकावर तीन टोकांचा तारा राहिला, नंतर टाटांचा टी आला. नाक, बोनेट, इंजिन, चेसिस यांचं मूळ जर्मन. पण आपल्याकडे ट्रक बहुतेक वेळा चेसिस आणि काऊल, म्हणजे केबिनच्या पुढचा नाक-बोनेटचा भाग, एवढाच विकत मिळायचा. काऊलच्या मागे जे काही उभं राहायचं, ते बॉडीवाल्याच्या आवारात. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेली केबिन, वर दोरखंड आणि ताडपत्री ठेवायला टप, फळ्यांचा हौदा, मागे साखळ्यांवर पडणारा फाळका. मोंढ्यात धान्याची पोती भरणाऱ्याचा हौदा आणि सरकीच्या, कापसाच्या गाड्यांचा हौदा एका उंचीचा नसायचा. गावोगावचा मिस्त्री वेगळा, म्हणून केबिनचं कपाळही वेगळं. कारखान्यातून निघालेला प्रमाणित ट्रक असं काही नव्हतंच, त्यामुळे तुमच्यासाठी अचूकपणाचा एकच पुरावा आहे, तो घरातला फोटो.

जर्मन मॉडेल आणि तो फोटो शेजारी ठेवलेत तर पुढच्या काचेपर्यंत जुळेल आणि तिथून मागे जवळजवळ काहीच जुळणार नाही. स्टिअरिंग डावीकडे असेल. वायपर उलट्या बाजूला झोपलेले असतील. आरसे, केबिनची उंची, हौद्याच्या फळ्या, सगळं परकं. मॉडेल बनवणाऱ्याने फसवलेलं नाही, त्याने त्याचा ट्रक नीट बनवलाय.

म्हणून माझं मत असं. मॉडेल तयार वस्तू म्हणून घेणार असाल आणि कपाटात आजोबांचा ट्रक म्हणून ठेवणार असाल, तर घेऊ नका, घरातली जुनी माणसं बघून गप्प बसतील. पण नाक, बोनेट, चेसिस आणि चाकं मिळवण्यासाठी घेत असाल, आणि गुणोत्तर जुळत असेल, तर अवश्य घ्या. ते वक्र नाक घरी घडवणं फार अवघड. मागची सपाट केबिन आणि हौदा घडवणं तुलनेने सोपं, कारण मूळ मिस्त्रीनेही तो फळी आणि पत्र्यातूनच केला होता. अशा कामासाठी महागडं, दारं उघडणारं मॉडेल लागत नाही. त्याच नाकाचं, खोका हरवलेलं, आरसा तुटलेलं मॉडेल निम्म्यात मिळालं तर ते उत्तम.

खोलताना तळाचे रिव्हेट ड्रिलने हलक्या हाताने उडवा, स्क्रू दिसले तर नशीब. रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका. कॉस्टिक जस्तालाच खातं, रंगाबरोबर कोरलेल्या रेघाही मऊ पडतात. बाजारातला पेंट रिमूव्हर, हातमोजे आणि उघडी खिडकी, एवढं बास. प्लॅस्टिकचे भाग आधी सुटे करा. नंतर जस्ताला धरणारा एचिंग प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) लावल्याशिवाय रंग देऊ नका, नाहीतर नखानेही निघतो.

केबिनला प्लॅस्टिकची पातळ शीट वापरा. हौद्याला खरं लाकूड वापरायचा मोह होतो, पण सागाची नक्षी १:४३ मध्ये फार ठसठशीत दिसते. सहा इंची फळी इथे साडेतीन मिलिमीटरची होते, त्यावर खऱ्या सागाची एकच रेघ अख्खी फळी व्यापते. शीटवरच फळ्यांच्या रेघा ओढून रंगाने लाकूड दाखवलेलं जास्त खरं वाटतं. ताडपत्रीलाही कापड नको, ते कांबळ्यासारखं जाड दिसतं. टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून पसरा, वाळताना सुरकुत्या आपोआप बरोबर पडतात.

अक्षरं आणि नंबर प्लेट इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं थांबतो. लातूर म्हणून एमएच-२४ लावू नका. ती मालिका १९८९ नंतरची, आणि लातूर जिल्हाच मुळी १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. ट्रक १९५६ च्या नोव्हेंबरआधीचा असता तर मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणजे नोंदणी तिथली निघाली असती. साठच्या दशकातला म्हणताय म्हणजे तो प्रश्न नाही, पण जुनं आरसी बुक किंवा विम्याचा कागद सापडतोय का बघा. फोटोत नंबर वाचता येत असेल तर तोच लिहा, नसेल तर प्लेट चिखलाने माखलेली दाखवा, पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या रस्त्यावर ती तशीच असायची.

केबिनच्या कपाळावर ‘पब्लिक कॅरिअर’ चालेल, १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात भाड्याने माल नेणाऱ्याचा परवाना त्याच नावाचा होता. नॅशनल परमिटचं वर्तुळ मात्र नको. १९८९ च्या नियमांत ते ६० सेंटिमीटर व्यासाचं सांगितलं होतं, ट्रकचा रंग वाळल्या पानासारखा तपकिरी आणि ३० सेंटिमीटरची पांढरी किनार. नंतरच्या काळातला ट्रक करणाऱ्याने ते १४ मिलिमीटरचं वर्तुळ आणि सात मिलिमीटरची किनार जरूर काढावी, तुमच्या ट्रकवर ते पंचवीस वर्षं आधी उगवेल. ‘हॉर्न ओके प्लीज’ फोटोत असेल तरच लिहा. महाराष्ट्राने ते २०१५ मध्ये बंद केलं, त्यामुळे आजच्या ट्रकच्या मॉडेलवर ते चुकीचं, पण तुमच्यावर ते बंधन नाही. आणि कृष्णधवल फोटोवरून रंग ओळखायचा प्रयत्न करू नका, लाल आणि गडद हिरवा त्यात सारखेच दिसू शकतात. आजी, काका, शेजारी, ज्यांनी तो ट्रक उभा बघितला त्यांना एकेकट्याने विचारा. एकत्र बसवून विचारलंत तर सगळे पहिल्याचंच उत्तर देतात.

मॉडेल जुनं असेल तर घेताना एकच भीती, जस्ताचा रोग. धातूत शिसं, कथील किंवा कॅडमियमची भेसळ राहिली की दमट हवेत तो आतून फुगतो आणि तडकतो. बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा किंवा वाकलेली चेसिस दिसली तर सोडून द्या, त्याला औषध नाही. मराठवाड्याची कोरडी हवा मॉडेलांना मानवते, पत्र्याखालच्या खोलीतला मे महिना मानवत नाही. उन्हाने तापलेल्या कपाटात मऊ टायर रिमच्या प्लॅस्टिकला चिकटून ते खातात. भिंतीतलं कपाट, दारापासून दूर, एवढं पाळा.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून चार फोटो मागवा: लांबून काढलेला बरोबर बाजूचा, समोरून, तळाचा, आणि मागच्या चाकांचा जवळून. तळाच्या फोटोत रिव्हेट की स्क्रू ते कळेल, आणि बनवणाऱ्याने प्रमाण कोरलं असेल तर तेही. घरच्या फोटोवर आणि बाजूच्या फोटोवर टायर आणि चाकांतलं अंतर मोजून दोन्ही भागाकार इथे लिहा. दोघांत दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त फरक निघाला तर मी घेऊ नका म्हणेन. जुळले तर केबिनसाठी शीट किती जाडीची लागेल ते पुढच्या उत्तरात सांगतो.